तान्ह्या वयाची प्रतिकारशक्ती आणि एचआयव्ही

एचआयव्हीची बाधा असलेल्या स्त्रीला गर्भारपणात, बाळंतपणात आणि पुढे बाळाला अंगावर पाजत असताना कोणतेही औषध मिळाले नाही, तर तिच्या बाळाला त्या विषाणूची लागण होण्याचे प्रमाण १५ ते ४५ टक्के असते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हा आकडा धोका समजावण्यासाठी पुष्कळदा उद्धृत केला जातो आणि ते योग्यच आहे. परंतु त्याची दुसरी बाजू क्वचितच लक्षात घेतली जाते. नऊ महिने आईच्या रक्तापासून केवळ वारेच्या पातळ पडद्याएवढे अंतर राखून वाढलेले, जन्माच्या वेळी तिच्या रक्तातून आणि स्रावांतून बाहेर आलेले, आणि नंतर कित्येक महिने दिवसातून आठ-दहा वेळा विषाणूयुक्त दूध प्यालेले बाळ, औषधाचा थेंबही न मिळता, निम्म्याहून अधिक वेळा त्या विषाणूपासून सुटते. ते कसे सुटते, हा प्रश्न गेली तीन दशके विषाणुशास्त्रज्ञांना आणि बालरोगतज्ज्ञांना पडलेला आहे.

जी बाळे सुटत नाहीत त्यांची कथा मात्र अगदी उलट आहे. उपचार न मिळालेल्या प्रौढ माणसात एचआयव्हीच्या लागणीपासून एड्सच्या अवस्थेपर्यंत सरासरी दहा वर्षांच्या आसपास काळ जातो; आईकडून लागण झालेल्या आणि उपचार न मिळालेल्या बाळांपैकी मात्र सुमारे निम्मी बाळे दुसरा वाढदिवस पाहत नाहीत. आणि या दोन टोकांच्या पलीकडे एक तिसरा, लहानसा गट आहे: लागण झालेल्या मुलांपैकी पाच ते दहा टक्के मुले कोणत्याही औषधाविना, रक्तात विषाणू भरपूर असतानाही, शाळेत जाण्याच्या वयापर्यंत आणि कधी त्यापुढेही ठणठणीत राहिलेली आढळली आहेत. एकाच विषाणूचे एकाच वयात इतके वेगवेगळे परिणाम होत असतील, तर तान्ह्या बाळाची प्रतिकारशक्ती म्हणजे मोठ्यांच्या प्रतिकारशक्तीची अर्धवट राहिलेली आवृत्ती, ही जुनी समजूत टिकत नाही. या वयाच्या देहाची स्वतःची एक रीत आहे. ती काही विषाणूंपुढे घातक ठरते, काहींपुढे तारक, आणि एचआयव्हीच्या संशोधनाने ती जितक्या स्पष्टपणे समोर आणली तितकी दुसऱ्या कोणत्याही रोगाने क्वचितच आणली असेल.

नवजात बाळ जन्माला येते तेव्हा त्याच्या रक्तातील प्रतिपिंडे जवळजवळ सगळी आईची असतात. प्रतिपिंडे म्हणजे जंतूच्या विशिष्ट भागाला चिकटून त्याला निकामी करणारी किंवा इतर पेशींना त्याची ओळख पटवणारी प्रथिने. त्यांच्यापैकी आयजीजी या प्रकारची प्रतिपिंडे वारेतील एका खास ग्राहक-प्रथिनाला धरून आईच्या रक्तातून गर्भाच्या रक्तात पोचवली जातात. ही ने-आण गर्भारपणाच्या पहिल्या तिमाहीच्या अखेरीस सुरू होते, पण तिचा मोठा भाग शेवटच्या काही आठवड्यांत उरकतो, आणि त्यामुळे पूर्ण दिवसांच्या बाळाच्या रक्तात या प्रतिपिंडांची पातळी आईपेक्षाही थोडी जास्त असते, तर अपुऱ्या दिवसांच्या बाळाला त्यांचा वाटा फारच कमी मिळतो. आईने आयुष्यभर ज्या ज्या रोगांना तोंड दिले आणि ज्या लशी घेतल्या, त्या सगळ्यांची ही शिदोरी असते. ती दर तीन आठवड्यांनी साधारण निम्मी होत जाते आणि सहा महिने ते वर्षभरात बहुतांशी संपते. भारतात गोवराची लस नवव्या महिन्यापर्यंत थांबवून दिली जाते त्याचे एक कारण हेच आहे, कारण त्याआधी आईकडून आलेली प्रतिपिंडे लशीतील दुबळ्या विषाणूलाच निकामी करतात आणि बाळाच्या स्वतःच्या पेशींना शिकण्याची संधी मिळत नाही. दुधातूनही संरक्षण मिळते, हे जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिश यांनी १८९२ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले होते. मानवी दुधात प्रामुख्याने आयजीए या प्रकारची प्रतिपिंडे असतात आणि ती रक्तात न शिरता बाळाच्या तोंडाच्या, घशाच्या आणि आतड्याच्या अस्तरावर पहारा देतात.

एचआयव्हीच्या बाबतीत या वारशाने निदानाचा मोठा पेच निर्माण केला. मोठ्या माणसांची नेहमीची एचआयव्ही तपासणी विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे शोधते. बाधित आईच्या प्रत्येक बाळात ती सापडणारच, मग बाळाला लागण झालेली असो वा नसो. आईची प्रतिपिंडे पूर्णपणे नाहीशी होण्यास काही बाळांत दीड वर्षापर्यंत वेळ लागतो, म्हणून अठरा महिन्यांच्या आतल्या बाळात या तपासणीवरून निश्चित निदान करता येत नाही. ज्या रोगात निम्मी बाळे दोन वर्षांत दगावतात त्यात अठरा महिने वाट पाहणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. टाचेतून घेतलेले रक्ताचे थेंब कागदावर वाळवून प्रयोगशाळेत पाठवायचे आणि त्यांत विषाणूची जनुकीय सामग्री आहे का ते पाहायचे, या पद्धतीने हा पेच सोडवला, आणि भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमातही सहा आठवड्यांच्या बाळांची तपासणी याच मार्गाने होते.

दुधाचा प्रश्न अधिक अवघड होता आणि त्याचे उत्तर शोधण्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. आईच्या दुधातून विषाणू जातो, मग दूध बंद करावे, हा सल्ला श्रीमंत देशांनी सहज अमलात आणला. परंतु जिथे स्वच्छ पाण्याची खात्री नाही तिथे वरच्या दुधावर वाढवलेली बाळे जुलाब आणि न्यूमोनियाने जाऊ लागली. दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे ॲना कुत्सुदिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये एक अनपेक्षित निरीक्षण प्रसिद्ध केले: पहिले तीन महिने फक्त अंगावरच पाजलेल्या बाळांत लागण कमी आढळली, तर अंगावरच्या दुधासोबत पाणी, वरचे दूध किंवा पेज दिलेल्या बाळांत ती अधिक होती. कोवळ्या आतड्याच्या अस्तराला परक्या अन्नाने सूज येते आणि विषाणूला आत शिरणे सोपे होते, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. औषधांच्या बाजूने १९९४ मध्ये अमेरिका आणि फ्रान्समधील चाचणीने झिडोव्हुडीन या औषधामुळे लागणीचे प्रमाण २५.५ टक्क्यांवरून ८.३ टक्क्यांवर येते हे सिद्ध केले होते, आणि १९९९ मध्ये युगांडातील चाचणीने आईला आणि बाळाला दिलेला नेव्हिरॅपिनचा केवळ एकेक डोस मोठा लाभ देतो हे दाखवले होते. परंतु एका डोसाचा परिणाम अंगावर पाजण्याच्या पुढच्या महिन्यांत पुरत नाही. म्हणून पुण्यातील बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय आणि ससून रुग्णालय, इथिओपिया आणि युगांडा अशा तीन ठिकाणी बाळांना सहा आठवड्यांपर्यंत रोज नेव्हिरॅपिन देऊन पाहण्यात आले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एकत्रित निष्कर्षांनुसार जन्मतः बाधा नसलेल्या बाळांत सहाव्या आठवड्यापर्यंत लागणीचे प्रमाण एका डोसाच्या गटात ५.३ टक्के, तर सहा आठवड्यांच्या गटात २.५ टक्के होते. सहा महिन्यांनंतर हा फरक बराच पुसट झाला होता, आणि तेही तितकेच बोलके होते, कारण जोवर बाळ पीत आहे तोवर आईला किंवा बाळाला औषधाचे कवच हवे, या आजच्या धोरणाकडे नेणाऱ्या पुराव्यांत त्याची भर पडली. आज आईला वेळेवर आणि अखंड उपचार मिळाले तर लागणीचे प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली, आणि कित्येक ठिकाणी दोन टक्क्यांच्याही खाली राहते.

तरीही औषधाविना सुटणाऱ्या बाळांचे कोडे उरतेच. त्याचा एक भाग दुधातच सापडला आहे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात जिनेव्हीव्ह फूडा, सॅली पर्मार आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दुधातील टेनासिन-सी हे प्रथिन एचआयव्हीच्या बाह्य आवरणाला चिकटून त्याला निष्प्रभ करते असे दाखवले. हे प्रथिन तोवर जखमा भरून येण्याच्या आणि गर्भाच्या वाढीच्या संदर्भात ओळखले जात होते. दूध विषाणूही वाहते आणि त्याचा उताराही वाहते, हे दोन्ही खरे आहे, आणि त्यांपैकी कोणता पक्ष वरचढ ठरेल हे आईच्या रक्तातील विषाणूंची संख्या, स्तनांचा दाह, बाळाच्या आतड्याची अवस्था अशा अनेक गोष्टींवर अवलंबून असते.

सुटलेल्या बाळांविषयी एक गोष्ट फार काळ दुर्लक्षित राहिली. जगात आज दीड कोटीहून अधिक मुले अशी आहेत की ज्यांच्या आईला एचआयव्हीची बाधा होती पण त्यांना स्वतःला झाली नाही. या मुलांना इतर मुलांच्या तुलनेत पहिल्या वर्षात न्यूमोनियासारखे संसर्ग अधिक आणि अधिक तीव्रतेने होतात असे अनेक देशांत आढळले आहे. आईच्या आजारामुळे वारेतून होणारी प्रतिपिंडांची ने-आण कमी पडते, हे त्यामागचे एक कारण आहे. तपासणीत विषाणू नाही एवढ्यावर त्यांची फाईल बंद करणे, ही आरोग्यव्यवस्थेची घाई म्हणावी लागते.

आता प्रश्न बाळाच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीचा. पीटर मेडावार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये उंदरांच्या गर्भात दुसऱ्या जातीच्या उंदराच्या पेशी टोचल्या आणि तो उंदीर मोठा झाल्यावर त्या दुसऱ्या जातीची त्वचा त्याने विनातक्रार स्वीकारली असे दाखवले. या कामासाठी मेडावार यांना फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट यांच्यासमवेत १९६० चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यातून असा समज रूढ झाला की गर्भावस्थेत आणि जन्माच्या सुमारास शरीराला जे भेटते ते त्याला आपलेच वाटते, आणि म्हणून नवजात बाळ लढण्यास असमर्थ असते. हा समज चार दशके पाठ्यपुस्तकांत टिकला. १९९६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकाच्या एकाच अंकात तीन गटांनी त्याला छेद दिला. त्यांपैकी एका गटाने नवजात उंदरांना विषाणूची मोठी मात्रा दिल्यास ते दबून जातात, पण अगदी अल्प मात्रा दिल्यास मोठ्यांसारखीच मारक पेशींची फळी उभी करतात असे दाखवले. म्हणजे क्षमता होती. ती कोणत्या परिस्थितीत आणि किती प्रमाणात वापरली जाते, एवढाच फरक होता.

मनुष्याच्या बाबतीत या संयमाचे कारण गर्भाशयातच आहे. गर्भाच्या अर्ध्या जनुकांचा वारसा वडिलांचा असल्याने आई आणि गर्भ एकमेकांना काही अंशी परकेच असतात, आणि आईच्या काही पेशी गर्भात शिरून तिथे राहतातही. कॅलिफोर्नियात जेफ मोल्ड आणि माइक मॅकक्यून यांच्या गटाने २००८ मध्ये असे दाखवले की गर्भातील टी-पेशी नावाच्या प्रतिकारपेशी आईच्या या पेशींवर हल्ला करण्याऐवजी मोठ्या संख्येने नियामक टी-पेशींत रूपांतरित होतात, म्हणजे प्रतिकाराचा भडका आवरून धरणाऱ्या पेशींत. जन्मानंतरही हे वळण काही काळ राहते. त्याला आणखी एक सबळ कारण आहे: निर्जंतुक गर्भाशयातून बाहेर आलेल्या बाळाच्या त्वचेवर आणि आतड्यात काही दिवसांत अब्जावधी जीवाणू वस्ती करतात, आणि त्या प्रत्येकाशी झुंज आरंभली तर सूज आणि दाह यांतच ते बाळ संपेल. तेव्हा या वयातला संयम ही एक उपयुक्त व्यवस्था आहे.

या व्यवस्थेची किंमत मात्र काही विषाणूंपुढे चुकवावी लागते. हिपॅटायटिस बी म्हणजे ‘ब’ प्रकारची कावीळ प्रौढाला झाली तर शंभरातील पंचाण्णवांहून अधिक लोक विषाणूला पूर्ण हुसकावून लावतात. तीच लागण जन्माच्या वेळी आईकडून झाली तर सुमारे नव्वद टक्के बाळांत ती आयुष्यभर मुक्काम करते आणि पुढे यकृताचा कर्करोग किंवा सिरोसिस होण्याचा धोका राहतो. म्हणूनच या लशीचा पहिला डोस जन्मानंतर चोवीस तासांच्या आत देण्यावर भर असतो. उलट कांजिण्या किंवा ‘अ’ प्रकारची कावीळ लहान मुलांना सौम्य जाते आणि मोठ्यांना जड, कारण त्या रोगांत पुष्कळशी हानी विषाणूपेक्षा शरीराच्या स्वतःच्या जोरदार प्रतिक्रियेमुळे होते. कोविडच्या साथीत मुले तुलनेने का वाचली, याचा शोध घेताना बर्लिन येथील संशोधकांनी २०२१ मध्ये असे मांडले की मुलांच्या नाकातील अस्तराच्या पेशी विषाणू येण्याआधीच सावध अवस्थेत असतात आणि इंटरफेरॉन हे विषाणूरोधक प्रथिन त्या मोठ्यांपेक्षा लवकर सोडू शकतात.

बाळाच्या प्रतिकारशक्तीला मोठ्यांचे नियम लावण्याचा परिणाम किती भीषण होऊ शकतो, हे आरएसव्ही या श्वसनविषाणूच्या पहिल्या लशीने दाखवून दिले. हा विषाणू सहा महिन्यांच्या आतल्या बाळांच्या फुप्फुसातील बारीक नलिकांना सूज आणतो. १९६०च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत फॉर्मेलिनने मारलेल्या विषाणूची लस बाळांना देऊन पाहण्यात आली. पुढच्या हंगामात खऱ्या विषाणूची गाठ पडली तेव्हा लस घेतलेल्या आणि लागण झालेल्या बाळांपैकी ८० टक्के बाळांना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि दोन बाळे दगावली. लशीने निर्माण केलेली प्रतिपिंडे विषाणूला चिकटत होती पण निकामी करत नव्हती, आणि बाळाच्या टी-पेशी दमा-ॲलर्जीच्या वळणाने जाऊन फुप्फुसाचा दाह वाढवत होत्या. ही चूक समजायला आणि सुधारायला जवळजवळ अर्धे शतक लागले. पेशीत शिरण्यापूर्वी विषाणूचे प्रथिन ज्या आकारात असते त्या आकाराची रचना २०१३ मध्ये हाती आल्यावर लस गर्भवती आईला देण्याचा आणि तयार प्रतिपिंडाचे एकच इंजेक्शन बाळाला देण्याचा, असे दोन्ही मार्ग खुले झाले, आणि २०२३ मध्ये अमेरिकेत दोहोंना मान्यता मिळाली.

एचआयव्हीपुढे बाळाची बाजू तिहेरी दुबळी असते. पहिली गोष्ट पेशींची. हा विषाणू सीडी-४ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या टी-पेशींवर वाढतो आणि आत शिरण्यासाठी त्याला त्या पेशींवरील सीसीआर-५ हे आणखी एक प्रथिन लागते. नवजात बाळाच्या रक्तातील बहुतेक टी-पेशी अननुभवी असतात आणि त्यांच्यावर हे प्रथिन फारसे नसते. परंतु बाळाच्या आतड्याच्या अस्तरात ते असलेल्या पेशी जन्मापासूनच विपुल असतात, आणि दूध तर तिथेच पोचते. दुसरी गोष्ट आवर घालण्याची. प्रौढाच्या रक्तात लागणीनंतर काही आठवड्यांत विषाणूंची संख्या शिखर गाठून झपाट्याने खाली येते, कारण मारक टी-पेशी बाधित पेशी टिपू लागतात. बाळात ती पहिली एक-दोन वर्षे उंचावरच राहते. तिसरी गोष्ट सर्वांत क्रूर आहे. बाधित पेशीच्या पृष्ठभागावर विषाणूच्या प्रथिनांचे तुकडे मांडून दाखवणारे जे एचएलए रेणू असतात त्यांचा अर्धा संच बाळाला आईकडून मिळतो, आणि विषाणूने आईच्या शरीरात वर्षानुवर्षे राहून नेमके त्याच संचाला चकवणारे बदल आत्मसात केलेले असतात. ऑक्सफर्डचे फिलिप गूल्डर आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवले की असे बदल झालेला विषाणू आईकडून मुलात तसाच जातो, आणि जी जनुके आईला लाभदायक ठरली ती मुलाला उपयोगी पडत नाहीत.

याच गूल्डर यांच्या गटाने पुढे दक्षिण आफ्रिकेतील क्वाझुलू-नाताल प्रांतातल्या मुलांचा जो अभ्यास केला, त्याने या क्षेत्राची दिशा बदलली. २०१६ मध्ये मॅक्सिमिलियन म्यूनखॉफ यांच्यासह प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात १७० मुले होती. सगळ्यांना आईकडून लागण झालेली, पाच वर्षांहून मोठी, उपचार न घेतलेली आणि तरीही निरोगी, सीडी-४ पेशींची संख्या वयाला साजेशी असलेली. प्रौढांमध्येही विरळा असे लोक आढळतात, पण ते विषाणूला जवळजवळ पूर्ण दाबून ठेवतात, त्यासाठी त्यांच्या मारक टी-पेशी अखंड झुंजत असतात, आणि त्यामागे बहुधा विशिष्ट एचएलए जनुके असतात. या मुलांत तसे काहीच नव्हते. त्यांच्या रक्तात मिलिलीटरमागे विषाणूच्या हजारो प्रती फिरत होत्या आणि मारक टी-पेशींचा प्रतिसाद माफक होता. फरक होता तो दाहाच्या अभावात: त्यांच्या प्रतिकारयंत्रणेत ती सततची खळबळ नव्हती जी एचआयव्हीच्या रुग्णाला हळूहळू झिजवते. शिवाय दीर्घकाळ टिकणाऱ्या स्मृतिपेशींवर सीसीआर-५ हे प्रथिन कमी होते, त्यामुळे विषाणू अल्पायुषी पेशींतच वाढत राहिला आणि ज्या पेशींवर प्रतिकारयंत्रणेचे भवितव्य अवलंबून असते त्या वाचल्या.

हे चित्र शास्त्रज्ञांनी आधी पाहिलेले होते, पण माणसात नव्हे. पश्चिम आफ्रिकेतील सूटी मँगाबे जातीची माकडे एचआयव्हीच्या भावंड-विषाणूसह जन्मभर जगतात, त्यांच्या रक्तात तो विपुल असतो, आणि तरी त्यांना एड्स होत नाही. तोच विषाणू आशियाई ऱ्हीसस माकडांत गेला की ती माकडे आजारी पडून मरतात. मँगाबे माकडांना हा समेट साधायला उत्क्रांतीची हजारो वर्षे मिळाली. मुलांचा एक लहान गट बालवयातील संयमाच्या बळावर तिथे आपोआप पोचतो, हे वैद्यकाच्या दृष्टीने अपूर्व आहे. एवढे मात्र लक्षात ठेवले पाहिजे की या मुलांचे उदाहरण उपचार लांबवण्यासाठी कधीही वापरता येणार नाही. २००८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत ॲव्ही व्हायोलारी आणि सहकाऱ्यांनी लगेच उपचार सुरू केल्यास बाधित बाळांच्या मृत्यूंत ७६ टक्के घट होते हे दाखवले, आणि २०१५ पासून जागतिक आरोग्य संघटना प्रत्येक बाधिताला, मग तो कितीही निरोगी दिसो, औषध द्यावे असे सांगते. कोणते मूल त्या पाच-दहा टक्क्यांतले निघेल हे आधी ओळखण्याचा मार्ग नाही.

बाळांच्या प्रतिपिंडांनी दिलेला धक्का याहूनही मोठा ठरला. एचआयव्ही इतक्या वेगाने रूप बदलतो की एका रूपाविरुद्धचे प्रतिपिंड दुसऱ्या रूपापुढे निरुपयोगी होते. लस न बनण्याचे मुख्य कारण हेच आहे. काही थोड्या प्रौढांत लागणीनंतर दोन-तीन वर्षांनी अशी प्रतिपिंडे तयार होतात जी विषाणूच्या बहुसंख्य रूपांना निकामी करतात, कारण ती त्याच्या न बदलणाऱ्या भागाला धरतात. त्यांना व्यापक प्रतिपिंडे म्हणता येईल. ती घडण्यासाठी प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशींना आपल्या जनुकांत बदलामागून बदल करत जावे लागते, म्हणून दोन वर्षांचा वेळ लागतो असे मानले जात होते. सिॲटल येथील ज्यूली ओव्हरबॉ यांच्या गटाने नैरोबीत १९९०च्या दशकात, औषधे तिथे पोचण्यापूर्वी, जतन केलेले बाधित बाळांच्या रक्ताचे नमुने तपासले आणि २०१४ मध्ये असे दाखवले की बाळांतही अशी प्रतिपिंडे तयार होतात आणि मोठ्यांपेक्षा लवकर होतात. दोन वर्षांनी त्याच गटाने एका बाळाच्या नमुन्यातून बीएफ-५२०.१ हे प्रतिपिंड वेगळे केले. ते लागणीनंतर साधारण वर्षभरात तयार झालेले होते आणि त्यात जनुकीय बदल प्रौढांच्या तुलनेत थोडेच होते. म्हणजे त्याच मुक्कामाला बाळाचा देह जवळच्या वाटेने पोचला होता. भारतात दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत कल्पना लुथरा यांच्या गटाने बाधित भारतीय मुलांतून अशीच प्रभावी प्रतिपिंडे मिळवली आहेत, आणि भारतात तसेच दक्षिण आफ्रिकेत ‘सी’ हा विषाणूचा एकच उपप्रकार प्रबळ असल्याने त्या कामाला विशेष मोल आहे. जुन्या चाचण्यांतील साठवलेल्या नमुन्यांचा फेरअभ्यास केल्यावरही एचआयव्हीच्या प्रायोगिक लशींना बाळांनी दिलेला प्रतिपिंडांचा प्रतिसाद काही बाबतींत प्रौढांपेक्षा सरस आढळला. लशीचा शोध प्रौढ स्वयंसेवकांवरच का केंद्रित राहावा, हा प्रश्न आता गांभीर्याने विचारला जात आहे, आणि तो विचारला जायलाच हवा. तारुण्यात पदार्पण करण्यापूर्वीच संरक्षण मिळावे, यासाठी बालपणीचे लसीकरण हा सर्वांत रुळलेला मार्ग आहे.

उपचार थांबवल्यावरही विषाणू परत येऊ नये, या दिशेचे सर्वांत आशादायक पुरावेही मुलांकडूनच आले. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात २०१० मध्ये जन्मलेल्या एका बाळाला तिसाव्या तासाला औषधे सुरू झाली. अठरा महिन्यांनंतर उपचार खंडित झाले तरी विषाणू दिसेना, आणि २०१३ मध्ये ही बातमी जगभर गेली. सत्तावीस महिने असे गेल्यावर जुलै २०१४ मध्ये तो परतला. काही पेशींच्या जनुकांत विषाणू स्वतःची प्रत दडवून निद्रिस्त राहतो. हा गुप्त साठा त्या बाळात अत्यल्प होता, पण शून्य नव्हता. दक्षिण आफ्रिकेतील एका मुलाला मात्र बालपणी चाळीस आठवडे उपचार मिळाले आणि नंतर साडेआठ वर्षांहून अधिक काळ औषधाविना विषाणू डोके वर काढू शकला नाही, असे २०१७ मध्ये जाहीर झाले. लवकर उपचार केले तर बाळांत हा साठा लहान राहतो, कारण विषाणूला दडायला हव्या असतात त्या दीर्घायुषी स्मृतिपेशी या वयात थोड्याच असतात. प्रौढात जी उणीव ठरली असती ती इथे पथ्यावर पडते.

क्वाझुलू-नातालमधील २८४ बाळांच्या पाठपुराव्यातून २०२४ मध्ये आणखी एक धागा हाती आला. जन्मानंतर फार लवकर उपचार सुरू झालेल्या या बाळांपैकी पाच जणांत औषधे काही महिने बंद पडूनही, किंवा अनियमित होऊनही, विषाणू दिसला नाही, आणि ते पाचही मुलगे होते. याच संशोधकांच्या आधीच्या कामात गर्भातच लागण होण्याचे प्रमाण मुलींत दीड ते दोन पट आढळले होते. स्त्री-गर्भाची उपजत प्रतिकारयंत्रणा अधिक जागृत असते, इंटरफेरॉनचा प्रतिसाद जोरदार असतो, आणि जागृत सीडी-४ पेशी हेच एचआयव्हीचे खाद्य असल्याने तिला लागण सहज होते. शिवाय इंटरफेरॉनच्या चाळणीतून तेच विषाणू आत येतात जे त्याला जुमानत नाहीत. लसीकरणाला आणि इतर बहुतेक संसर्गांना मुली अधिक चांगला प्रतिसाद देतात, आणि तीच सरशी इथे त्यांच्यावर उलटते. संशोधकांनी या निष्कर्षाची पडताळणी बाधा नसलेल्या मातांच्या मुलगा-मुलगी जुळ्यांच्या नाळेतील रक्तावर केली. तिथेही मुलीच्या पेशी अधिक जागृत आणि प्रयोगशाळेत एचआयव्हीला अधिक बळी पडणाऱ्या आढळल्या.

औषधे मुद्दाम थांबवून पाहणे हा मुलांच्या बाबतीत नैतिकदृष्ट्या नाजूक विषय आहे, कारण मूल स्वतः संमती देऊ शकत नाही आणि विषाणू परतला तर साठा पुन्हा भरतो. म्हणून असे प्रयोग अत्यंत काटेकोर देखरेखीखाली आणि थोड्याच मुलांवर होतात. जन्मानंतर ४८ तासांच्या आत उपचार सुरू झालेल्या सहा मुलांची औषधे अशा एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात थांबवली गेली, तेव्हा चार मुलांत ४८ आठवडे किंवा त्याहून अधिक काळ विषाणू आढळला नाही, असे २०२४ मध्ये सांगण्यात आले. बोट्स्वानात लहानपणीच उपचार सुरू झालेल्या २५ मुलांना रोजच्या औषधांऐवजी दोन व्यापक प्रतिपिंडे टोचून पाहण्यात आली आणि त्यांपैकी ११ मुलांत २४ आठवडे विषाणू दबून राहिला. ज्या घरात रोज कडू सिरप पाजणे हीच एक लढाई असते, तिथे महिन्याकाठी एक इंजेक्शन पुरले तर आईवडिलांचे जगणे बदलेल.

या सर्व यशाची पूर्वअट मात्र एकच आहे आणि ती प्रयोगशाळेच्या बाहेरची आहे: बाळाला बाधा आहे हे जन्मानंतरच्या पहिल्या तासांत किंवा दिवसांत कळले पाहिजे. सहा आठवड्यांनी घेतलेला नमुना दूरच्या प्रयोगशाळेत जातो, त्याचा निकाल आणखी काही आठवड्यांनी येतो, आणि गर्भातच लागण झालेल्या बाळांचे मृत्यू तोवर सुरू झालेले असतात. जन्माच्याच दिवशी प्रसूतिगृहात तासा-दोन तासांत निकाल देणारी यंत्रे आज उपलब्ध आहेत आणि आफ्रिकेतील काही देशांनी ती वापरातही आणली आहेत. तरीही संयुक्त राष्ट्रांच्या एड्सविषयक संस्थेच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये सुमारे १ लाख २० हजार मुलांना नव्याने लागण झाली, आणि बाधित प्रौढांपैकी ७७ टक्के लोकांना उपचार मिळत असताना चौदा वर्षांपर्यंतच्या बाधित मुलांपैकी केवळ ५७ टक्के मुलांपर्यंत ते पोचले होते.